माशाला लागू पडलं, मग बाळाला का नको?

फिटच्या (आकडीच्या) औषधांसाठी झेब्राफिश या छोट्या माशावर चाललेल्या प्रयोगांबद्दल तीच तीच शंका पत्रांतून येते आहे. म्हणून आज एवढाच विषय.

प्रश्न: एवढ्याशा माशाचा माणसाच्या मेंदूशी काय संबंध?
उत्तर: माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांशी मिळतीजुळती जनुकं या माशात सापडतात. पाच दिवसांचं पिल्लू तांदळाच्या दाण्याहून लहान असतं. ९६ खळग्यांच्या ताटलीत एकेका खळग्यात एकेक पिल्लू सोडायचं, पाण्यात औषध घालायचं आणि वर कॅमेरा लावायचा. फिट आली की पिल्लू भोवऱ्यासारखं गरगरतं, मग ताठ होऊन आडवं पडतं. औषध लागू पडलं तर हे थांबतं.

प्रश्न: हे मासे खाल्ल्याने आकडी थांबते का?
उत्तर: नाही.

प्रश्न: माझ्या दोन वर्षांच्या मुलीला ड्रावे सिंड्रोम (तान्हेपणीच सुरू होणारा फिटचा गंभीर जनुकीय आजार) आहे. माशांवर अ‍ॅलर्जीचं जुनं औषध चाललं म्हणे. घरातलं सर्दीचं सिरप द्यावं का?
उत्तर: अजिबात नको! कॅलिफोर्नियातले संशोधक स्कॉट बराबन यांनी ड्रावेशी संबंधित जनुकात दोष असलेल्या पिल्लांवर ३२० औषधं तपासली. २०१३ साली त्यातून क्लेमिझोल हाती लागलं. आहे ते अ‍ॅलर्जीचंच, पण अ‍ॅलर्जीच्या इतर औषधांनी तो परिणाम दिसला नाही. म्हणजे गुण अ‍ॅलर्जी थांबवण्यात नव्हताच. उलट सर्दीच्या काही सिरपांनी लहान मुलांत फिट वाढू शकते. अहो, ड्रावेमध्ये कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन ही खुद्द फिटवरची औषधंही अनेकदा उलटतात! वर्षाच्या आतल्या बाळाला तापात लांबलेली फिट पुन्हा पुन्हा येते, घरचे ‘दात येताहेत’ म्हणत सहा महिने घालवतात, मग चुकीची गोळी सुरू होते, हे मी फार वेळा पाहिलं आहे. क्लेमिझोल माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं आहे. त्याबद्दल मुलीच्या मेंदूविकारतज्ज्ञांनाच विचारा.

प्रश्न: हळदीच्या कॅप्सूलच्या डबीवर ‘झेब्राफिशवर सिद्ध’ असं छापलंय. घ्याव्यात का?
उत्तर: हळदीच्या तेलातल्या काही घटकांनी पिल्लांच्या फिट कमी झाल्या, हे खरं. पण पिल्लू त्या पाण्यात पोहत होतं, तुम्ही कॅप्सूल गिळणार. पोटातून मेंदूपर्यंत किती पोचेल, हे डबीवर छापलंय का? हळदीच्या अशा कॅप्सूलने यकृत बिघडल्याची उदाहरणं आहेत. डबी घेऊन डॉक्टरांकडे जा, दुकानदाराकडे नको.

प्रश्न: नवं औषध येईपर्यंत चालू गोळ्या थांबवल्या तर?
उत्तर: एक दिवसही नाही. डोस चुकलाच तर पुढचा केव्हा द्यायचा, ते फोन करून डॉक्टरांना विचारा.