पेशंट फोनच उचलत नाही

प्रश्न: कम्युनिटी मेंटल हेल्थ टीममध्ये केअर कोऑर्डिनेटर म्हणून नुकतीच लागलेय. एक पेशंट हॉस्पिटलमधून घरी आलाय पण फोनच घेत नाही, किती मागे लागायचं?

उत्तर: अहो, लागायचंच! डिस्चार्जनंतरचे पहिले काही दिवस-आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचे, त्यामुळे येईल स्वतःहून म्हणून फाईल बाजूला सारायची नाही, आजच टीमला सांगा, क्रायसिस प्लॅनमध्ये (तब्येत बिघडली तर काय करायचं ते आधीच ठरवून लिहिलेलं असतं त्यात) कुणाला कळवायचं ठरलंय ते बघा आणि सोबत कुणाला तरी घेऊन घरी जा. दार उघडलं की लगेच गोळ्यांची चौकशी नको (सगळे तेच विचारतात बिचाऱ्याला), झोप लागते का, जेवण जातं का, इथून सुरू करा. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर लेव्हलसाठी, म्हणजे रक्तात ते किती आहे हे बघायला, रक्त शेवटच्या डोसनंतर साधारण १२ तासांनी घेतात, तेवढी वेळ मात्र ठरवूनच निघा.