मधुमेहाच्या ओपीडीत नैराश्य तपासताना

नवीन रुजू झाला आहेस म्हणून सांगतो. ‘डिप्रेशन आहे का?’ असं थेट विचारलंस तर बहुतेक जण ‘छे, तसलं काही नाही’ म्हणून मोकळे होतात. त्यापेक्षा पीएचक्यू-२ या नैराश्य चाचपण्याच्या छोट्या प्रश्नावलीचे दोन प्रश्न विचार: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, आणि एरवीच्या गोष्टींत रस वाटेनासा झालाय का? किती दिवस तसं वाटलं त्यावरून प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण दे; बेरीज ३ किंवा जास्त आली की नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ घे. त्यात १० गुण आले म्हणजे लगेच निदान झालं असं नाही. नीट बसून बोलायला हवं, इतकंच.

खरी गोम पुढेच आहे. थकवा, झोपमोड, भूक मंदावणं हे सगळं मूळ आजारानेही होतं. साखर वाढल्याने रात्री चारदा लघवीला उठणाऱ्या आजोबांची झोपमोड नैराश्याच्या खात्यात टाकू नकोस. ‘आता मुलांवर ओझं झालोय’, ‘नातवंडं आली तरी करमत नाही’ अशा बोलण्याकडे कान दे. अशा तक्रारी यांच्यामुळेही होतात, म्हणून थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ बघून घे. आणि सोबत आलेली सूनच उत्तरं द्यायला लागली, तर तिला औषधं आणायला पाठव!

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न, जिवाचं बरंवाईट करण्याचा, संकोचून गाळू नकोस. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. होकार आला तर रुग्णाला एकटं सोडायचं नाही, मानसोपचारवाल्यांना त्याच वेळी बोलवायचं. बाकीच्यांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर केसपेपरवर लिहून दे. मानसोपचार ओपीडीचे वार मात्र आजच विचारून ठेव, नाहीतर नुसते फॉर्म भरत बसशील.