बिनभट्टीचे वाफेचे इंजिन

प्रश्न : दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात झारखंडमधल्या सिंद्रीच्या खत कारखान्यातले एक वाफेचे इंजिन आहे. त्याला भट्टी नाही आणि कोळशाची जागाही नाही. ते चालत कसे असे? आता पुन्हा चालवता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : या इंजिनात बॉयलरसारखे दिसते ते वाफ साठवण्याचे जाड पोलादी पिंप आहे. त्यात बरेचसे पाणी भरून, कारखान्याच्या बॉयलरमधली वाफ नळीने त्या पाण्यातच सोडत, म्हणजे पाणी तापून दाब चढे. नुसती वाफ भरून भागत नाही, कारण दहा बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दहापट, दाबाला एक घनमीटर जागेत जेमतेम पाच किलो वाफ मावते. उलट त्याच दाबाखाली १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले हजार किलो पाणी, दाब उतरत दोन बारवर येईतो, स्वतःच्याच उष्णतेवर उकळत राहून शंभर किलोंहून अधिक वाफ देते. चालकाला मात्र दाबमापकावर सतत नजर ठेवावी लागे. भरणीच्या जागी वेळेत परतले नाही, तर इंजिन वाघिणींसकट वाटेतच अडकून पडे.

जर्मनीच्या हेन्शेल कंपनीने हे इंजिन बांधले. सिंद्रीत १९५१ मध्ये अमोनियम सल्फेटचे उत्पादन सुरू झाले. अशा कारखान्यात ज्वलनशील वायू असतात, तिथे ठिणगी न उडवणारे इंजिन शंटिंगला, म्हणजे आवारात वाघिणी इकडून तिकडे हलवायला, सोयीचे. शिवाय वाफ घरचीच आणि कोळसा टाकणाऱ्या फायरमनची गरज नाही. ही कल्पना जुनाट म्हणून मागे पडली असे समजू नये, कारण जर्मनीत मायनिंगेनच्या कारखान्याने १९८० च्या दशकातही अशी नवी इंजिने बांधली.

ते पुन्हा चालवणे अशक्य नाही, पण त्यासाठी शेजारी योग्य दाबाची वाफ देणारा दुसरा बॉयलर हवा, पिंपाची पाण्याच्या दाबाखाली चाचणी व्हायला हवी आणि बॉयलर निरीक्षकांची परवानगीही हवी. माझ्या मते त्याआधीचे काम अधिक निकडीचे आहे. अशा पिंपावर उष्णता टिकवणारे आवरण असते आणि त्याखाली ओल साचली, की पत्रा बाहेरून न दिसता गंजत जातो. म्हणून जतन करताना वरचा रंग ताजा करण्यापेक्षा हे आवरण उघडून पत्र्याची जाडी मोजणे आणि भरणीची झडप व दाबमापक जागच्या जागी सांभाळणे, याला मी पहिला मान देईन. कारण हे इंजिन इतरांहून वेगळे कसे, हे ती झडपच पाहणाऱ्याला दाखवते.