जिल्हा परिषदेच्या शाळा खालावल्या, त्यात वरच्या माणसांचा दोष किती?

तुमच्या तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांचा पट दहा वर्षांत निम्म्यावर आला. गावात कुणी त्याचा बोल शिक्षकांना लावतो, तर कुणी इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या व्हॅनला. यात नेतृत्वाचा दोष किती, असे तुम्ही विचारले आहे. मी जिल्हा परिषदेत आधी शिक्षक होतो, नंतर केंद्रप्रमुख झालो, आता निवृत्त आहे. माझ्या मते दोष फार मोठा आहे. पण नेतृत्व म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर मंत्री येत असतील, तर त्यांच्या आधी पंचायत समितीत जा आणि गटशिक्षणाधिकाऱ्याच्या खुर्चीत कोण बसले आहे ते बघा. तालुका तिथून बिघडतो आणि तिथूनच सुधारतो.

१९६२ साली जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हापासून गावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आहेत. जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली बीटाला, म्हणजे काही केंद्रांच्या गटाला, विस्तार अधिकारी आणि साधारण दहा-बारा शाळांच्या केंद्राला एक केंद्रप्रमुख, अशी ही साखळी आहे. कागदावर ती उत्तम आहे. शिक्षक एकटा पडू नये, दर महिन्याला कुणीतरी वर्गात येऊन बसावे, मुलांचे वाचन ऐकावे, गणित फळ्यावर करून घ्यावे आणि अडले तिथे शिक्षकाला हात द्यावा, यासाठीच ती आहे. माझ्या नोकरीत असे एक गटशिक्षणाधिकारी साहेब मी पाहिले. न सांगता शाळेत यायचे, तिसरीच्या मुलाला शेजारी बसवून धडा वाचायला लावायचे, आणि मग शेरेबुकात दोनच ओळी लिहायचे. त्या ओळींचे काय झाले, हे पुढच्या भेटीत पहिल्यांदा विचारायचे. त्यांचा धाक होता, पण शिक्षकाच्या मागे ते उभेही राहायचे. पटसंख्या वाढवा असे त्यांनी कधी म्हटले नाही, तरी ती वाढली, कारण मुले वाचायला लागली की गावात आपोआप बोलबाला होतो.

ते बदलून गेले आणि त्यांच्या जागी पूर्णवेळ माणूस कित्येक वर्षे आलाच नाही. एका विस्तार अधिकाऱ्याकडे गटशिक्षणाधिकाऱ्याचा चार्ज गेला. त्यांच्या बीटाचा चार्ज दुसऱ्याकडे, एका केंद्राचा तिसऱ्याकडे. केंद्रप्रमुखांची पदे तर राज्यभर रिकामी पडली. एकूण ४,८६० पदे आहेत आणि २०२३ साली त्यांतल्या २,३८४ पदांसाठी परीक्षेची जाहिरात निघाली, म्हणजे जवळजवळ निम्म्या केंद्रांची ही गोष्ट. तीही परीक्षा पुढे ढकलली गेली. प्रभारी माणूस प्रामाणिक असला तरी त्याला मोठा निर्णय घेता येत नाही. उद्या कोणी कायमचा साहेब येईल, मग आपण कशाला वाईटपणा घ्यायचा, हा विचार त्याच्या मनात येतोच. रोज उशिरा येणाऱ्या शिक्षकाला कोणी बोलत नाही. मन लावून शिकवणाऱ्यालाही कोणी शाबासकी देत नाही. दोन-तीन वर्षांत दोघांमधला फरक पुसला जातो. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे आणि पाहताना फार त्रास झाला.

शिक्षकांच्या रिकाम्या जागांची गोष्टही समजून घ्या, कारण गावात ती कोणी सांगत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि पटावरची लाखो मुले प्रत्यक्षात शाळेत नसल्याचे उघड झाले. पडताळणी योग्यच होती. पण त्यानंतर मे २०१२ मध्ये शिक्षकभरतीच थांबवली गेली. पुढची मोठी भरती सरकारच्या 'पवित्र' या ऑनलाइन भरती पोर्टलवरून झाली, त्यासाठीची अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ ची आणि नेमणुका २०१९ च्या. मधल्या वर्षांत माणसे निवृत्त होतच होती. डोंगरातल्या शाळेत चार इयत्तांना एक शिक्षक, आणि तोही महिन्यातले कित्येक दिवस बैठकीला किंवा मतदारयादीच्या कामाला. जुलै २०२३ मध्ये निवृत्त शिक्षकांना वीस हजार रुपये मानधनावर बोलवायची वेळ सरकारवर आली. निर्णय मुंबईत झाले हे खरे, पण असलेले शिक्षक तालुक्यात कसे वाटायचे हे तालुक्यातच ठरते. आमच्याकडे रस्त्यालगतच्या शाळांत माणसे पुरेशी होती आणि आतल्या वाड्यांवर कोणी नव्हते. ज्याची वट त्याची डांबरी रस्त्यावरची शाळा.

मग राहिले काय? वरून मागवलेली माहिती भरणे. 'आज दुपारी तीनपर्यंत लिंक भरा', 'फोटो अपलोड करा', 'शाळांची नावे लाल यादीत आहेत'. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना शिक्षणबाह्य काम देता येत नाही. पण वर्गातून उठून पोर्टल भरणे हे शैक्षणिक काम धरले जाते. तपासणीला येणारा माणूसही पोषण आहाराची नोंदवही, हजेरी आणि ऑनलाइन टक्केवारी बघून निघतो. मुलाने वाचून दाखवलेले ऐकायला कोणालाच सवड नसते. माझ्या मते शाळा खालावली हे या एका गोष्टीवरून ओळखावे. पट नंतर उतरतो.

वरून येणारे निर्णयही गावाचा अधिकार काढून घेत गेले. गणवेशाचेच बघा. शाळा व्यवस्थापन समिती गावातल्या शिंप्याकडून मापाचे कपडे शिवून घ्यायची. २०२४-२५ साली राज्याने ते काम समितीकडून काढून घेतले, एकच कापड, एकाच ठिकाणाहून. स्वातंत्र्यदिन उलटला तरी कित्येक शाळांत गणवेश पोचले नव्हते, आणि पोचले ते मापाचे नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये काम पुन्हा समितीकडे आले, पण वर्ष गेले ते गेलेच. त्यातच मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. आरक्षणाचा खटला सुप्रीम कोर्टात अडकल्याने पुढची काही वर्षे प्रशासक होते. सदस्य कसेही असोत, शाळेला शिक्षक नाही म्हणून लोक त्यांच्या दारात जाऊ शकत होते. ते दारही बंद झाले.

आता व्हॅनबद्दल. आईबाप इंग्रजीच्या हौसेपायी मुले काढून नेतात, हे मला पूर्ण पटत नाही. कोविडच्या काळात देशभरातल्या ग्रामीण भागात सरकारी शाळांकडे लोक परत आले होते. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालात सहा ते चौदा वयाच्या मुलांचे सरकारी शाळांतले प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते, २०२२ मध्ये ७२.९ झाले आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ वर आले. परत येण्यामागे पैशाची अडचण होती, मान्य. तरीही ती मुले आपल्या वर्गात बसली होती. त्यांना धरून ठेवता आले असते. तेव्हा शिक्षक नव्हते आणि जे होते ते लिंक भरत होते.

एकदा पट वीसच्या खाली गेला की शाळा वेगळ्याच यादीत जाते. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून शेजारच्या शाळांत मिसळण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे अशा अनेक छोट्या शाळा मिळून एक शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले, नमुना पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांचा. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवताना, पट कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून आणखी पट कमी. याला लोक 'पट घसरला' म्हणतात, जणू तो आपोआप घसरतो.

उलटी उदाहरणेही आहेत. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या चाळीसेक शाळांचे शिक्षक एकत्र आणले, वर्गाच्या फरशीवर आखणी करून मुलांना स्वतः शिकू दिले, आणि राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या तिथे बघायला येऊ लागल्या. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या राज्याच्या कार्यक्रमाच्या शासन निर्णयामागे त्या कामाची प्रेरणा होती. लक्षात घ्या, हे एका बीटाच्या अधिकाऱ्याने केले, तेच शिक्षक आणि तीच गावे घेऊन. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेने २०२५ मध्ये लोकांच्या मतदानातून दिला जाणारा जागतिक पुरस्कार मिळवला. तिथले मुख्याध्यापक दत्तात्रय वारे यांनी आधी वाबळेवाडीची शाळा नावारूपाला आणली होती आणि तिथेच त्यांना तक्रारींवरून निलंबन सोसावे लागले होते. त्यांचा मला अभिमान वाटतो. पण अशा एका माणसामुळे एक शाळा उभी राहते. तालुक्यातल्या बाकीच्या दीड-दोनशे शाळांना पाठीशी उभा राहणारा साहेबच लागतो.

तुम्ही काय करू शकता, हेही विचारले आहे म्हणून सांगतो. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. बैठक खरोखर होते का, की घरी सह्या फिरतात, ते पाहा. बैठकीत शेरेबुक मागा. गेल्या वर्षभरात कोण आले आणि वर्गाबद्दल काय लिहिले, ते मोठ्याने वाचायला लावा. पंचायत समितीत माहितीच्या अधिकारात तीनच गोष्टी मागा: गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख यांची मंजूर व रिक्त पदे, चार्ज कोणाकडे आणि कधीपासून, आणि शाळानिहाय शिक्षकांची यादी. ती यादी रस्त्यालगतच्या आणि आतल्या शाळांची तुलना करून ग्रामसभेत ठेवा. शिक्षकांवर ओरडू नका, त्यांना सोबत घ्या. त्यांच्यातले बरेच जण याच प्रश्नांची वाट पाहत आहेत. आणि ३० सप्टेंबरच्या आत हे करा, कारण संचमान्यता त्या दिवसाच्या पटावर होते आणि नंतर वर्षभर 'आता काही करता येत नाही' एवढेच ऐकायला मिळते.