बोट शोमध्ये समुद्रगामी ट्रॉलर यॉट लोकांना दाखवण्याचं काम पहिल्यांदाच मिळालं आहे. आधी काय दाखवू आणि काय टाळू?

आधी इंजिन रूम, मग बाकी सगळं. आणि टाळायचं म्हणाल तर काहीच नाही. खरं तर उत्तर इथेच संपलं, पण तुमचं ते ‘काय टाळू’ वाचलं आणि एक जुना ब्रोकर डोळ्यांपुढे उभा राहिला. आता थोडं सविस्तरच ऐका.

मी मूळचा व्यापारी जहाजांवरचा इंजिनिअर. ते सोडल्यावर एका मालकाच्या पन्नास फुटी ट्रॉलरवर, म्हणजे मासेमारी जहाजाच्या घडणीच्या सफरी बोटीवर, इंजिनिअर, खलाशी, आचारी, पडेल ते काम करत होतो. पुढे मालकाने बोट विकायला काढली. ब्रोकरने ती शोमध्ये लावली आणि बोटीची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस म्हणून मला तिच्यावर उभं केलं. आदल्या संध्याकाळी या ब्रोकर साहेबांनी माझी शिकवणी घेतली. पाहुणा आला की बूट टोपलीत, मग सलून म्हणजे बोटीची बैठकीची खोली, मग गॅली म्हणजे स्वयंपाकघर, मग पुढची मालकाची केबिन. शेवटी पायलटहाउसमध्ये, म्हणजे बोट चालवायच्या खोलीत, सुकाणूच्या चाकाला हात लावून एक फोटो आणि गुडबाय. इंजिन रूमचं दार बंद. ‘कुणी विचारलं तरच उघडायचं. उगाच खाजवून खरूज काढायची नाही.’ गॅलीत त्याने प्लास्टिकच्या लिंबांचा वाडगा आणून ठेवला होता आणि तो जागचा हलवायचा नाही, अशी मला ताकीद होती.

आता मला सांगा, अडीच हजार मैल पाणी तोडायला बांधलेली बोट. तिचं सलून दाखवून ती विकायची म्हणजे दिवाणखाना बघून स्थळ ठरवण्यातलाच प्रकार.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक जोडपं आलं. गृहस्थांच्या खिशात टॉर्च होता. असा माणूस दिसला की ओळखायचं, हा फुकट वेळ घालवायला आलेला नाही. सलूनकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. पहिलाच प्रश्न, ‘इंजिन एकच आहे ना? भर समुद्रात बंद पडलं तर?’ मी तोंड उघडायच्या आत ब्रोकर हसून म्हणाला, ‘ही इंजिनं बंद पडत नाहीत.’

माझं डोकंच फिरलं. मी सरळ जाऊन दार उघडलं.

डिझेल इंजिन सहसा आपणहून मरत नाही, त्याला मारतं ते घाण इंधन. टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ बसलेला असतो. बोट धक्क्याला बांधलेली असेपर्यंत तो निवांत पडून राहतो, आणि नेमक्या खवळलेल्या समुद्रात ढवळून वर येतो. म्हणून मी आधी फिल्टरची जोडी दाखवली. एक फिल्टर तुंबायला लागला की व्हॅक्यूम गेजचा काटा चढतो. मग मधली मूठ फिरवायची, इंधन दुसऱ्या फिल्टरमधून वाहू लागतं आणि इंजिन बंद न करता पहिला बदलता येतो. ती मूठ मी त्या गृहस्थांना स्वतःच्या हाताने फिरवायला लावली. खालच्या पारदर्शक वाटीवर टॉर्च मारला की तळाशी साचलेलं पाणी वेगळं दिसतं, तेही सांगितलं. आमची वाटी स्वच्छ होती, अर्थात. मग डे टँक, म्हणजे इंजिनाला रोजचं इंधन देणारी छोटी टाकी, तिच्या कडेची पातळी दाखवणारी काचेची नळी, आणि बिल्जचा, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचल्याचा अलार्म.

त्यानंतर विंग इंजिन, म्हणजे मुख्य इंजिन बंद पडलं तर वापरायचं छोटं राखीव इंजिन. त्याची शाफ्ट वेगळी, प्रोपेलर वेगळा, इंधनाची छोटी टाकीसुद्धा वेगळी. ब्रोकरला वाटलं, चला, इथे तरी हा गोड बोलेल. मी म्हटलं, ‘शांत पाण्यात याच्यावर चारेक नॉट, म्हणजे तासाला चारेक सागरी मैल मिळतात. समोरून जोराचा वारा आणि लाटा असल्या तर पुढे जायची आशा धरू नका. बोटीचं तोंड लाटांकडे ठेवता आलं तरी पुष्कळ.’ मागे साहेबांना खोकल्याची उबळ आली. गृहस्थ मात्र गुडघ्यावर बसले, हात लांबवून पाण्याच्या पंपाखाली बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरून पाहिलं. कोरडं, म्हणजे गळती नाही. मी फडकं पुढे केलं तर म्हणाले, गरज नाही.

हे होईपर्यंत बाई पायलटहाउसच्या मागच्या अरुंद बर्थवर आडव्या होऊन बघत होत्या. मला म्हणाल्या, ‘पुढच्या केबिनमध्ये एवढा मोठा पलंग आहे, मग हा कशाला?’ मी खरं ते सांगितलं. समोरून लाटा असल्या की बोटीचं पुढचं टोक सारखं उचलून आपटतं. गादी खाली जाते आणि माणूस क्षणभर हवेतच राहतो. त्या पलंगावर मोठ्या सफरीत कोणी झोपत नाही. वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, संपलेला माणूस या अरुंद बर्थमध्ये अंग कोंबतो, कारण इथे हालचाल सगळ्यात कमी आणि हाक मारली तर उठून दोन पावलांत चाकापाशी. आता गंमत अशी, की माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर नेमका तोच मोठा पलंग होता.

त्या जोडप्याने बोट घेतली नाही. संध्याकाळी ब्रोकर माझ्यावर भडकला, ‘हातातलं गिऱ्हाईक घालवलंस.’ मी म्हणालो, गिऱ्हाईक नव्हतंच ते. त्यांना फिरायचं होतं किनाऱ्याकिनाऱ्याने आणि हवी होती दोन इंजिनं. त्यांच्या कामासाठी ते अगदी बरोबर होतं. एक इंजिन आणि कीलच्या, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याच्या, आड सुरक्षित राहणारा एक प्रोपेलर, हे गणित महासागर ओलांडणाऱ्याचं. ज्याला ही बोट लागत नाही त्याला ती न विकणं हेही दाखवणाऱ्याचंच काम. साहेबांना पटलं नाही. याच साहेबांनी सलून दाखवून विकलेली दुसरी एक बोट पहिल्याच सफरीनंतर पुन्हा त्यांच्याकडेच विकायला आली. त्यात त्यांना दुसऱ्यांदा कमिशन मिळालं, त्यामुळे धडा काही मिळाला नसावा.

बरं, तुमच्या प्रश्नाकडे येतो. दर दुसरा पाहुणा विचारेल, ‘किती वेगाने जाते?’ हा आकडा फुगवू नका. पूर्ण डिस्प्लेसमेंट हलची, म्हणजे पाण्यावर न उचलता पाणी बाजूला सारत जाणाऱ्या बोटीची, वेगाची मर्यादा तिच्या पाण्यातल्या लांबीवर ठरते. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४. आमची पाण्यातली लांबी ४५ फूट, म्हणजे ९ नॉट, त्यापुढे नुसता धूर. आणि ९ नॉटने कोणी महासागर ओलांडत नाही. आमची बोट ७ नॉटला तासाला साधारण १५ लिटर प्यायची, ९ नॉटला त्याच्या दुपटीहून जास्त. साडेपाच हजार लिटरमध्ये सावकाश गेलात तर २५०० सागरी मैल, घाई केलीत तर १५०० च्या आसपास. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा आणि वेग विचारणाऱ्याला कागदच दाखवा. या बोटींचं हेच तर शहाणपण. रॉबर्ट बीबी या निवृत्त अमेरिकन नौदल अधिकाऱ्याने १९६३ साली आपली ‘पॅसेजमेकर’ ही बोट पाण्यात सोडली ती याच हिशोबावर.

दुसरं म्हणजे डुलणं. धक्क्याला बांधलेली बोट पाहुण्याशी खोटं बोलत असते, ती हलतच नाही. प्रत्यक्षात गोल पोटाची ही बोट आडव्या लाटांत भरपूर डुलते. तिच्यावर स्टॅबिलायझर, म्हणजे डुलणं कमी करणारी साधनं, कोणती आहेत ते आधी नीट समजून घ्या. पाण्याखालच्या पंखांचे असतील तर त्यांचा खरा उपयोग बोट चालताना. जायरो, म्हणजे आत वेगाने फिरणारं जड चाक, नांगरावरही चालतो, पण त्याला वीज लागते. दोन्ही बाजूंच्या दांड्यांवरून पाण्यात सोडायचे ‘मासे’, म्हणजे पाण्याखालून ओढले जाणारे जड पंख, विजेशिवाय काम करतात, पण थोडा वेग खातात आणि ते सोडणं-काढणं कष्टाचं. पाहुण्याला सांगा, पुढच्या केबिनपासून पायलटहाउसपर्यंत एक हात कायम कशाला तरी धरून चालून दाखवा. मध्ये जिथे हात रिकामा राहतो तिथे समुद्रात माणूस पडतो. विक्रीच्या बोटीवर ही परीक्षा घ्यायला छाती लागते हे कबूल.

ड्राय एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनाचा धूर उभ्या नळीतून वर सोडायची सोय असेल तर फायदा सांगा, धूर थंड करायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागत नाही. आणि डेकवर काजळी पडते तेही सांगा.

आता थोडं हातचं राखून. गर्दीच्या वेळी प्रत्येकाला खाली नेऊ नका. एका वेळी दोघं, लहान मुलं नाहीत, आणि जनरेटर आपोआप चालू होणार नाही याची आधी खात्री करा. माझी बोट वापरलेली होती आणि मालक माझ्या बाजूचा होता. तुम्ही कंपनीची नवी बोट दाखवत असाल तर वरच्या साहेबाशी आधी बोलून घ्या, नोकरी तुमची आहे. सलूनही दाखवा, मी काही सलूनचा वैरी नाही.

शोमध्ये इंजिनाचा आवाज आणि थरथर कळत नाही, त्यामुळे खरा रस असलेल्याचं नाव लिहून घ्या आणि समुद्रावरची चाचणी देऊ करा. तारीख ठरवताना ब्रोकर शांत हवेचा दिवस सुचवेल. तुम्ही वारा असलेला धरा.