सी ड्राइव्ह लाल झाला, तर

भाऊ, सी ड्राइव्ह, म्हणजे विंडोज असते तो डिस्कचा भाग, लाल दिसला की त्यातली जागा संपत आली समज. पण लगेच नवी हार्ड डिस्क घ्यायला जळगाव गाठू नको. आणि घेतलीसच, तर १ टीबीची डिस्क ९३१ जीबीच दाखवते म्हणून दुकानदाराशी भांडू नको. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

आधी विनडिरस्टॅट नावाचा प्रोग्रॅम चालव. कोणता फोल्डर किती जागा खातो ते रंगीत चौकोनांत दिसतं. माझ्याकडे निघालं काय, तर चुलतभावाच्या लग्नाचं शूटिंग, तेही तीन ठिकाणी! सातबाऱ्याच्या पीडीएफ पुसत बसू नको, ती चिल्लर आहे.

मग विंडोजच्याच डिस्क क्लीनअपमध्ये 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाब. मोठ्या अपडेटनंतर उरलेला विंडोज.ओल्ड फोल्डर तिथे सापडतो, कित्येक जीबीचा. तो काढलास की जुन्या आवृत्तीवर परतता येत नाही, एवढं ध्यानात ठेव. विनएसएक्सएस हा विंडोजच्या स्वतःच्या फाइल्सचा फोल्डर मात्र कितीही फुगलेला दिसला तरी हाताने डिलीट करू नको. मी परवानग्या बदलून तो प्रताप केला होता; विंडोज उठेचना, मग भर मे महिन्याच्या उन्हात सीपीयू मांडीवर घेऊन एसटीने भुसावळ.

लग्नाचं शूटिंग बाहेरच्या डिस्कवर टाक, पण एकाच नव्हे, दोन. आणि रिसायकल बिन रिकामा कर रे, पुसलेलं बरंचसं तिथेच पडून असतं.