पिरान्हा पकडायला जायचं की नाही?

प्रश्न: पेरूत इकितोसहून ॲमेझॉन क्रूझ घेतोय, त्यात एक दिवस पिरान्हा फिशिंग आहे. मुलगा नाचतोय, हिला मात्र धडकी भरलीये. बोटीतून बोटं तोडतात का हो हे मासे?

उत्तर: अहो वहिनींना सांगा, सिनेमात दाखवतात तसं काही नसतं, पिरान्हा माणसावर सहसा जात नाही. खरी भानगड मासा बोटीत आल्यावर होते, कारण वरखालचे त्रिकोणी दात कात्रीसारखे एकमेकांत बसतात आणि गळ काढताना हाताचं बोट मध्ये आलं की संपलं, तेव्हा ते काम गाईडलाच करू द्या, मुलाला तर हातच लावू देऊ नका. बाकी साधी काठी, दोरी, गळाजवळ तारेचा तुकडा (नुसती दोरी कुरतडून टाकतात) आणि कच्च्या मांसाचं आमिष. आधी काठीच्या टोकाने पाणी खळबळवायचं, आवाजाने येतात. आमिष पळवण्यात मात्र भारी पटाईत, टकटक जाणवली की लगेच झटका द्यायचा. लाल पोटाचा पिरान्हा गाईडने हातात धरला की चक्क भुंकल्यासारखा आवाज काढतो, मुलाला तेच जास्त आवडेल! आणि जमलं तर पाणी उतरलेलं असताना जा, पुरात मासे बुडालेल्या जंगलात पांगतात.